रोटरी इंजिन, विमान आणि पडणारं ऑइल प्रेशर: इंजिन उतरवण्याआधी काय काय तपासावं?

रोटरीप्रेमी
नमस्कार मंडळी,
मी ओहायोत राहतो. घरी बांधलेलं दोन सीटचं आरव्ही-७ उडवतो. त्यात माझदाचं १३बी रोटरी इंजिन आहे, मूळ आरएक्स-७ गाडीतलं. अमेरिकेत असं विमान ‘एक्स्परिमेंटल’ वर्गात नोंदवता येतं, त्यामुळे गाडीचं इंजिन बसवायला हरकत नसते. सध्या चाचणी उड्डाणांचा ४० तासांचा टप्पा सुरू आहे.

अडचण अशी. इंजिन थंड असताना ऑइल प्रेशर ७५ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतं. तेल ९० अंशांपर्यंत गेलं की आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता सर्वात हळू चालताना, १२ वर येतं. थ्रॉटल वाढवला की ३००० आरपीएमपर्यंत काटा ४५ वर चढतो आणि तिथेच थांबतो. ५५०० ला नेलं तरी ४५. सुरुवातीच्या उड्डाणांत हेच इंजिन गरम असताना ७० द्यायचं. प्रेशर एका दिवसात पडलेलं नाही, हळूहळू उतरत आलं आहे.

झालेल्या गोष्टी: प्रेशर मोजणारं युनिट (सेन्सर) बदललं. त्यावरही विश्वास ठेवला नाही, हँगरमध्ये दाब दाखवणारं साधं काट्याचं घड्याळ थेट जोडून बघितलं, आकडे तेच. तेल २०डब्ल्यू-५०, पातळी बरोबर. बाहेर कुठेही गळती नाही.

विमान हँगरमध्ये उभं आहे, उडवत नाहीये. माझ्या बसवणीत तेलाच्या पंपाची बाजू फायरवॉलकडे (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीकडे) येते, म्हणजे तिकडे हात घालायचा तर इंजिन उतरवावंच लागतं. ते करण्याआधी आजार कुठे आहे हे पक्कं कळावं अशी इच्छा आहे. कोणत्या क्रमाने जाऊ?

सुलभाताई
तांत्रिक काही कळत नाही, तरी वाचतेय. रोटरी इंजिन म्हणजे नेमकं काय? पिस्टन नसतो का त्यात?

रोटरीप्रेमी
ताई, नसतो. फुगीर कडांचा त्रिकोणी रोटर असतो आणि तो कमरेत दबलेल्या अंडाकृती खोलीत फिरतो. त्याची तीन टोकं भिंतीला घासत जातात. त्या टोकांवर सील असतात, त्यांना अपेक्स सील म्हणतात. ओढणं, दाबणं, जाळणं, सोडणं हे सगळं एकाच फेरीत, वेगवेगळ्या बाजूंना चालू असतं. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा मधल्या शाफ्टचे तीन होतात. १३बी मध्ये असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, वर-खाली होणारं काही नाही. म्हणून विमानवाल्यांना ते आवडतं. मोडण्यासारखे भागच कमी.

पण एक गोष्ट पिस्टन इंजिनापेक्षा वेगळी आहे. इथे तेल नुसतं वंगण नाही. रोटर आतून पोकळ असतो आणि शाफ्टमधल्या बारीक जेटमधून त्यात तेल फवारलं जातं, तेच त्याला थंड ठेवतं. इंजिनाच्या बाहेर टाकायच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश तेलातून जाते. म्हणून प्रेशर पडलं की मला बेरिंगइतकीच रोटरचीही काळजी वाटते.

सुलभाताई
कळलं. छान सांगितलंत. पुढचं वाचते.

बुलेटराजा
दादा, सरळ आहे. गरम झाल्यावर प्रेशर पडतं म्हणजे मेन बेरिंग घासलं. तोपर्यंत जाड तेल टाका, ६० नंबरचं. काटा वर येतो की नाही बघा.

कॅप्टन_वारा
बुलेटराजा, रस्त्यावर हे चालून जातं, विमानात चालत नाही. जाड तेलाने काटा वर येईल, गळणारी जागा तशीच राहील. वर थंडीत सुरू करताना तेच जाड तेल ऑइल कुलरमधून जाणार नाही.

रोटरीप्रेमी, विमान उभं ठेवलंत ते अगदी योग्य केलंत. बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो. हवेत ऑइल प्रेशर खाली येताना दिसलं तर आधी तेलाचं तापमान बघायचं. दोन्ही एकदम बिघडत असतील तर पॉवर कमी करून जवळच्या धावपट्टीकडे वळायचं. प्रेशर शून्य आणि तापमान जसंच्या तसं असेल तर युनिट किंवा वायर गेलेली असू शकते. तरीही वळायचंच, खात्री जमिनीवर करायची.

किवीकाका
मी ऑकलंडला असतो. इथे जपानहून आलेल्या जुन्या आरएक्स-७ गल्लोगल्ली होत्या, त्यामुळे रोटरी इंजिनं खोलण्यात बरीच वर्षं गेली. विमानातलं एकही बांधलेलं नाही, पण इंजिन तेच आहे. सविस्तर लिहितो.

आधी तेलाचा रस्ता डोळ्यासमोर आणा. चेंबरमधून, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतून, जाळीतून पंप तेल उचलतो. पंप ट्रोकॉइड प्रकारचा, शाफ्टच्या पुढच्या टोकावरून चेनने फिरणारा. पंपातून तेल पुढच्या बाजूने बाहेर कुलरकडे जातं. कुलरमधून परत येतं ते थेट मागच्या हाउसिंगला, तिथून फिल्टर, आणि मग बेरिंगं आणि शाफ्ट. म्हणजे कुलरच्या नळ्यांनी ही यंत्रणा दोन अर्ध्या भागांत कापलेली आहे, एक पंपाकडचा अर्धा आणि एक बेरिंगांकडचा अर्धा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

प्रेशर सोडणाऱ्या झडपा दोन. पुढची खूप वरच्या दाबाला उघडते, ती कुलर आणि नळ्या फुटू नयेत म्हणून. मागचा रेग्युलेटर हा खरा मालक, तो ५ किलो म्हणजे साधारण ७१ पीएसआयला उघडतो. तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये तो ११० चा होता. तुमचा ७० चा आकडा सांगतो की तुमच्याकडे जुना ७१ वाला आहे आणि तो पूर्वी नीट काम करत होता.

आता तुमच्या वर्णनातलं सर्वात बोलकं वाक्य: ‘५५०० ला नेलं तरी ४५’. बेरिंग घासलेलं असेल तर फट ठरलेली असते. पंप जास्त फिरला की जास्त तेल ढकलतो आणि त्याच फटीतून जास्त तेल जायला जास्त दाब लागतो, म्हणजे काटा हळूहळू का होईना चढतोच. तुमचा चढत नाही. याचा अर्थ दाब वाढला की मोठी होणारी एक वाट कुठेतरी आहे. झडपेसारखं वागणारं काहीतरी.

असं वागणाऱ्या जागा दोन. एक, मागचा रेग्युलेटर, स्प्रिंग मेलेली किंवा कचरा अडकलेला. पण तसं असतं तर थंडीतही ७५ मिळणं अवघड होतं. दुसरी, फ्रंट कव्हर आणि फ्रंट हाउसिंग यांच्यामधली ओ-रिंग. पंपाचं पूर्ण दाबाचं तेल त्या जोडावरून जातं आणि त्याला तिथे ही एक रबरी ओ-रिंग अडवून धरते. ती ढिली झाली की तेल फ्रंट कव्हरच्या आतून थेट चेंबरमध्ये पडतं. बाहेर थेंब दिसत नाही. थंड जाड तेलाला ती कशीबशी धरते, गरम पातळ तेलाला सोडते. माझा पैसा हिच्यावर.

अंदाजावर इंजिन उतरवू नका मात्र. आधी सोप्या गोष्टी संपवा. डिपस्टिकचा वास घ्या. रोटरी फ्लड झाली, म्हणजे सुरू न होता आत पेट्रोल साचलं, की पेट्रोल तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. फिल्टर कापून त्याची घडी उलगडून बघा. आणि कुलरच्या आधी एक, फिल्टरजवळ एक अशी दोन घड्याळं लावा.

बुलेटराजा
काका, हे दाबाबरोबर मोठी होणारी वाट भारी समजावलंत. बेरिंगचा मुद्दा मागे घेतो. जाड तेलाचा अजून नाही :)

प्रवासी_पक्षी
बुकमार्क केला.

इतिहासवेडी
अवांतर आहे, पण राहवत नाही. रोटरी इंजिन म्हटलं की मला पहिल्या महायुद्धातली विमानं आठवतात. ती रोटरी वेगळी. त्यात शाफ्ट विमानाला पक्का बसवलेला असायचा आणि सिलिंडरांसकट अख्खं इंजिन प्रोपेलरबरोबर गरगर फिरायचं. फ्रेंच नोम, ल रोन, क्लेर्जे ही त्यातली गाजलेली नावं. भारतीय वैमानिक हरदितसिंग मलिक यांनी १९१७ मध्ये ब्रिटिशांच्या २८ व्या स्क्वाड्रनमधून सॉपविथ कॅमल उडवलं, तेही असंच रोटरीवालं विमान.

त्यांचं वंगण म्हणजे चक्क एरंडेल! पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच आत जायचं. साधं खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून धुऊन गेलं असतं, एरंडेल तसं सहजी विरघळत नाही. आणि ते तेल परत फिरून यायचं नाही, वापरून धुराबरोबर बाहेर, थेट वैमानिकाच्या तोंडावर. त्यामुळे प्रेशर मीटरचाही फारसा उपयोग नव्हता. कॉकपिटमध्ये एक काचेचा फुगा असायचा, त्यात तेल पंपाच्या ठोक्यागणिक वर-खाली व्हायचं. ठोके दिसतायत म्हणजे पंप चालू आहे.

बुलेटराजा
एरंडेल तोंडावर! म्हणजे त्या वैमानिकांचं पोट कायम साफ असणार.

इतिहासवेडी
हसू नका, त्या काळच्या आठवणींत हा त्रास खरोखर नोंदलेला आहे. तासन् तास ती वाफ नाकातोंडात जायची.

नगरकर_साधा
अवांतरात भर घालतो, कारण हा आमच्या गावाचा विषय आहे. इथे ज्या व्हँकेल प्रकारच्या रोटरीची चर्चा चालली आहे ती भारतातही बनली, आणि तिच्यात नगरचा (आताचं अहिल्यानगर) वाटा आहे. ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी नगरच्या व्हीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने बेंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या संशोधन संस्थांबरोबर ५५ हॉर्सपॉवरचं व्हँकेल इंजिन विकसित केलं. २९ मार्च २००९ रोजी कर्नाटकात कोलारजवळ निशांत त्या देशी इंजिनावर पहिल्यांदा उडालं. त्याआधी परदेशी इंजिन वापरावं लागत होतं. गावात फार कमी लोकांना हे माहीत आहे, याची खंत वाटते. रणगाड्यांचं संग्रहालय सगळे बघायला येतात, हे इंजिन मात्र कुणाच्या बोलण्यात नसतं.

सुलभाताई
मलाही माहीत नव्हतं. यावर स्वतंत्र धागा काढा ना.

कॅप्टन_वारा
नगरकर, +१. छोट्या मानवरहित विमानांत व्हँकेल खूप चालतं, कारण वजनाच्या मानाने ताकद जास्त आणि थरथर कमी. कॅमेऱ्याला स्थिर हात मिळतो. अमेरिकेच्या ‘शॅडो’ ड्रोनमध्येही ब्रिटिश बनावटीचं व्हँकेलच होतं.

घरी बांधलेल्या विमानांचा विषय निघालाच आहे तर अमोल यादव यांचंही नाव घेतो. कांदिवलीतल्या घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं आणि ते २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं. आपल्याकडे नोंदणीची वाट किती खडतर आहे ते त्यांच्या उदाहरणावरून कळतं. ओहायोत रोटरीप्रेमींना ज्या सहजतेने करता येतंय ते इथे झालं तर किती मुलं हात काळे करायला पुढे येतील!

रोटरीप्रेमी
सगळ्यांचे आभार. एरंडेल आणि निशांत दोन्ही आवडीने वाचलं.

किवीकाका, सांगितल्याप्रमाणे केलं. तेलाला पेट्रोलचा वास नाही. फिल्टर कापून पट्टी पांढऱ्या कपड्यावर पसरली. थोडी काळी काजळी, चुंबकाला लागणारं काही नाही, तांबूस चमक नाही. बेरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं दिसायला लागलं असतं तर ती चमक इथे सापडली असती, हे एका जुन्या रोटरीवाल्याने मला सांगितलं होतं.

दोन घड्याळं लावून जमिनीवर चालवलं. तेल ९० अंश, ३००० आरपीएम: कुलरच्या आधी ४९, फिल्टरजवळ ४५.

प्रोपेलरच्या गिअरबॉक्सला इंजिनाचंच तेल जातं, त्या नळीतला बारीक जेट काढून बघितला, जागेवर आणि योग्य मापाचा आहे. म्हणजे तिकडून तेल वाहून जात नाहीये.

किवीकाका
उत्तम. फक्त ४ पीएसआयचा फरक, म्हणजे कुलर, नळ्या, फिल्टर सगळे सुटले. कुलर तुंबला असता तर पहिलं घड्याळ वर आणि दुसरं खाली असतं. दोन्ही सारखीच पडलेली आहेत. शंका आता पंप, फ्रंट कव्हरची ओ-रिंग, पुढची झडप, मागचा रेग्युलेटर आणि शाफ्टमधला थर्मल व्हॉल्व्ह एवढ्यांवरच उरते.

थर्मल व्हॉल्व्हबद्दल दोन ओळी. शाफ्टच्या पुढच्या टोकात एक मेणाची गोळी असलेला छोटा तुकडा असतो. इंजिन थंड असताना तो तेलाची वाट मोकळी ठेवतो म्हणजे रोटरकडे कमी दाब जातो आणि रोटर लवकर तापतात. साधारण ६० अंशांना तो बंद व्हायला हवा. गोळी मेली की तो बंदच होत नाही आणि गरम इंजिनातही तेल सोडत राहतो. विमानात आणि रेसिंगमध्ये त्याच्या जागी भरीव तुकडा घालतात. इंजिन उतरवलंच तर तुम्हीही घाला.

कोकणस्थ_इंजिनिअर
एक शंका. विमान नाक वर-खाली करतं तेव्हा चेंबरमधलं तेल एका बाजूला जात असेल. पंपाच्या जाळीला हवा लागत असेल तर? घरगुती विमानांत काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या झाकणात) बसावं म्हणून चेंबर कापून उथळ करतात असं वाचलंय.

रोटरीप्रेमी
प्रश्न महत्त्वाचा आहे. माझ्या इंजिनाची गाडीतली मागची बाजू प्रोपेलरकडे आहे आणि पुढची बाजू, म्हणजे पंप, फायरवॉलकडे. नाक वर केलं की तेल फायरवॉलकडे, म्हणजे पंपाच्याच बाजूला जातं. चढताना त्रास नाही. खाली उतरताना ते पंपापासून लांब जातं, त्यासाठी आत आडव्या पट्ट्या घातल्या आहेत. ज्या विमानांत प्रोपेलर मागे असतो, जसं लाँग-ईझी किंवा कोझी, तिथे हे सगळं उलटं होतं.

हवा ओढली जात असती तर काटा थरथरला असता. माझा काटा ४५ वर शांत बसतो. आणि विमान जमिनीवर उभं असतानाही तेच आकडे आहेत.

उद्यमनगर_कोल्हापूर
मंडळी, जरा उशिरा आलोय. आमचं शिवाजी उद्यमनगरात इंजिन रिपेअरचं शेड आहे, वडिलांपासून. रोटरी कधी हातात आलं नाही, पण तेलाचा हिशोब सगळ्या इंजिनाला एकच. किवीकाकांनी रस्ता दोन भागांत कापून दाखवला, त्यावरून सांगतो.

इंजिन न फिरवता तेल आत ढकला आणि खालून बघा कुठून पडतंय. आमचे वडील जनरेटरचं इंजिन असंच बघायचे. रंगकामाची प्रेशरची टाकी घ्या, त्यात गरम केलेलं तेल भरा, वर कॉम्प्रेसरची हवा, मध्ये हवेचा रेग्युलेटर. ४० च्या वर जायचं नाही. चेंबर काढा, खाली स्वच्छ ट्रे आणि हातबत्ती. इंजिन सुरू करायचं नाही हे सांगायला नको.

आता कुलरच्या दोन्ही नळ्या सोडा. आधी बेरिंगाकडच्या तोंडात तेल द्या. चांगल्या बेरिंगातून थेंब पडतात, खराब असेल त्यातून धार पडते. रेग्युलेटर सत्तरचा आहे म्हणता, म्हणजे चाळीसला तो बंदच पाहिजे, तिथून काही पडलं तर तोच चोर. मग पंपाकडच्या तोंडात द्या. पंप थांबलेला आहे, त्याच्या दातांतून थोडंफार झिरपणार. पण धार आली तर ओ-रिंग नाहीतर पुढची झडप. झडप कुठं असती ते माहीत असलं की धार कुठल्या जागेवरून येती त्यावरून समजतंय.

एक तास लागंल. इंजिन उतरवायच्या आधी चोर डोळ्यांनी दिसतोय.

किवीकाका
कोल्हापूरकर, साष्टांग! इतकी वर्षं रोटरी खोलतोय, पण आमच्याकडे इंजिन गाडीतून काढणं सोपं म्हणून कुणी ही खटपट करत नाही. रोटरीप्रेमींच्या बाबतीत मात्र हाच योग्य मार्ग. आणि यात आणखी एक फायदा आहे. शाफ्टला तेल बेरिंगांकडच्या अर्ध्या भागातून जातं. त्यामुळे पंपाकडून दिलेल्या तेलात थर्मल व्हॉल्व्हचा गोंधळ मिसळणारच नाही.

बुलेटराजा
आता कळलं कोल्हापूरला रांगा का लागतात. मी पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

कॅप्टन_वारा
फक्त हवेच्या दाबाची काळजी घ्या. टाकी त्या दाबासाठीच बनवलेली असू दे, डोळ्यांना चष्मा, आणि गरम तेलाखाली तोंड नेऊ नका.

रोटरीप्रेमी
वेळ लागला, कारण चेंबर काढण्यासाठी इंजिन चेनपुलीवर तोलून धरावं लागलं आणि इथे कडाक्याची थंडी होती. पण उत्तर मिळालं.

तेल साधारण ७० अंशांपर्यंत गरम केलं. बेरिंगांकडून दिलं: दोन्ही मेन बेरिंगांखाली सुटे थेंब, रेग्युलेटरचं तोंड कोरडं. मग पंपाकडून दिलं. पहिल्या मिनिटात पंपाखाली थोडं झिरपलं, बाकी काही नाही. दाब हळूहळू वाढवत नेला. तीसच्या आसपास फ्रंट कव्हरच्या आतल्या भिंतीवर एक चमकती रेघ उतरली, आणि चाळीसला तिची करंगळीएवढी धार झाली. दाब कमी केला की धार पुन्हा रेघ व्हायची. काकांनी लिहिलेली दाबाबरोबर मोठी होणारी वाट मी अक्षरशः हाताने उघडझाप करून पाहिली.

त्यानंतर इंजिन उतरवलं. फ्रंट कव्हर काढलं तर ओ-रिंग जुन्या कुकरच्या रिंगसारखी कडक झालेली, एका बाजूने सपाट, आणि एक कडा कुरतडल्यासारखी तुटलेली. कव्हरखाली जाड कागदी गॅस्केट होतं. इंजिन ज्यांनी बांधून दिलं त्यांनी ते घातलं असणार. गॅस्केट जाड असल्याने कव्हर हाउसिंगपासून तेवढं लांब राहिलं आणि ओ-रिंग पुरेशी दाबलीच गेली नव्हती. सुरुवातीला नवी आणि मऊ होती तोवर तिने धरलं, नंतर नाही.

उद्यमनगर_कोल्हापूर
व्वा! नाद खुळा. मन भरलं वाचून. वडिलांना सांगतो, विमानाला त्यांची युक्ती लागली म्हणून.

किवीकाका
अभिनंदन. आता बांधताना तीन गोष्टी.

नव्या ओ-रिंगच्या मागे टेफ्लॉनची पातळ आधार-रिंग मिळते, ती घाला म्हणजे रबर बाजूला ढकललं जाणार नाही. कव्हरला जाड गॅस्केट नको. बरेच जण गॅस्केट वगळून फक्त सीलंट लावतात, म्हणजे ओ-रिंग नीट चेपली जाते.

दुसरी गोष्ट फार जपून. शाफ्टचा पुढचा बोल्ट सुटलेला असताना शाफ्ट मागे सरकला तर आतली सुयांची थ्रस्ट बेरिंग जागेवरून घसरते आणि बोल्ट आवळताना स्पेसरच्या कडेवर चिमटली जाते. गाडीत आम्ही क्लच दाबून शाफ्ट पुढे धरतो. तुमच्याकडे क्लच नाही, म्हणून इंजिन स्टँडवर पुढची बाजू वर करून उभं ठेवा म्हणजे तुकडे पडणार नाहीत. बोल्ट आवळल्यावर डायल गेज लावून शाफ्टची पुढे-मागे हालचाल मोजा. ०.०४ ते ०.०७ मिमी हवी, ०.०९ च्या पुढे अजिबात नको. आणि शाफ्ट हाताने मोकळा फिरला पाहिजे.

तिसरी, इंजिन बाहेर आहेच तर पुढची झडप, रेग्युलेटर आणि पंपाची चेन बघून घ्या. मेन बेरिंगची फटही मोजा. ०.०४ ते ०.०८ मिमी नेहमीची, ०.१० ला बदलायचं.

कोकणस्थ_इंजिनिअर
रोटरीप्रेमी, अपेक्स सीलना तेल कसं देता? गाडीत त्यासाठी छोटा मीटरिंग पंप असतो ना? तिथूनही तेल जात असेल.

रोटरीप्रेमी
असतो, पण त्यातून जाणारं तेल फार थोडं, प्रेशरवर परिणाम होण्याइतकं नाही. मी तो काढून टाकला आहे आणि पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोकचं तेल मिसळतो. इथले बरेच रोटरीवाले गॅलनला एक औंस घालतात. ट्रेसी क्रूक यांनी आरव्ही-४ मध्ये १३बी बसवून वर्षानुवर्षं उडवलं आणि विमानासाठी प्लॅनेटरी गिअरबॉक्स तयार केला. आमच्यासारख्यांना या वाटेवर जायचा धीर त्यांच्यामुळेच आला.

रोटरीप्रेमी
इंजिन परत बसलं. नवी ओ-रिंग, टेफ्लॉनची आधार-रिंग, थर्मल व्हॉल्व्हच्या जागी भरीव तुकडा. शाफ्टची हालचाल ०.०५ मिमी. बेरिंगांची फट ०.०६ च्या आत, त्यांना हात लावला नाही. रेग्युलेटर साफ करून परत घातला.

शेपटी दोराने बांधून जमिनीवर चालवलं. तेल ९२ अंश असताना आयडलला २८, २५०० च्या पुढे ७१ आणि तिथे स्थिर. आता थांबतो तो रेग्युलेटरमुळे, गळतीमुळे नाही.

कॅप्टन_वारा
झकास. पहिल्या उड्डाणाआधी दोन गोष्टी कराच. प्रेशरचा लाल दिवा ५० वर लावा. घसरण पुन्हा सुरू झाली तर काटा बघायच्या आधी दिवा लागेल. टॅक्सी करताना आयडलला तो लागेल, तिकडे दुर्लक्ष करता येतं, टेकऑफच्या आरपीएमला लागता कामा नये. आणि पहिली फेरी धावपट्टीच्या वरच, इंजिन थांबलं तरी परत उतरता येईल इतक्या उंचीवर घिरट्या घालत. इंजिन बदललेलं नसलं तरी उघडलेलं आहे, त्याला नव्यासारखंच वागवा.

बुलेटराजा
दादा अभिनंदन! माझ्या बुलेटमध्ये ६० नंबरच टाकतो मी. पण आता आधी फिल्टर बघणार.

सुलभाताई
संपूर्ण धागा दोनदा वाचला. आमच्या नववीच्या मुलांना दाब आणि प्रवाह शिकवताना ही करंगळीएवढ्या धारेची गोष्ट सांगणार आहे. चालेल ना?

रोटरीप्रेमी
ताई, आनंदाने. घड्याळांचे आणि कापलेल्या फिल्टरचे फोटो पाठवतो, मुलांना दाखवा.

किवीकाका
जाता जाता एक. गॅस्केटऐवजी सीलंट लावलंय ना, त्याचा आत सुटलेला जास्तीचा भाग पुढे तुटून पंपाच्या जाळीवर बसू शकतो. म्हणून पहिलं तेल लवकर बदला, आठ-दहा तासांतच. फिल्टर कापा, आणि ड्रेनमधून येणारं तेल बारीक जाळीतून गाळा. राखाडी रबराचे तुकडे दिसले तर चेंबर पुन्हा काढून जाळी साफ करा.

रोटरीप्रेमी
करतो काका. सीलंट पातळच लावलं होतं, तरी पहिल्या आठ तासांनंतर तेल बदलायची नोंद लॉगबुकात टाकली आहे. फिल्टरमध्ये काय निघालं ते इथेच लिहीन.